सोमवारी पुस्तक नेणारी बाई

मित्रांनो, मी वाचनालयातलं एक जुनं लाकडी कपाट आहे. गावाचं नाव सांगत नाही. शिरूरहून निघून न्हावरे मागं टाकलं आणि चौफुल्याची वाट धरली की उसाच्या दोन पट्ट्यांमध्ये ते लागतं, एवढं तुम्हाला पुरे. पुढं जे सांगणार आहे त्यात गावाची थोडी बदनामी आहे आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

आमच्या गावची धनश्री आता पुस्तकं लिहिते. मुलाखतीत तिला विचारतात, लहानपणी वाचनाची गोडी कुणी लावली? ती शांतपणे सांगते, "चौथी संपेपर्यंत माझी पुस्तकं आई निवडायची." मुलाखत घेणारे मान डोलावतात आणि पुढच्या प्रश्नाकडं वळतात. धनश्रीची आई तिच्या चौथीच्या दिवाळीतच वारली होती, हे त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे. दिवाळीनंतरची पुस्तकंसुद्धा माझ्यातूनच गेली.

पण आधी माझ्याविषयी. तशी रीत आहे.

माझा जन्म दौंडचा. रेल्वेच्या जुन्या डब्यांचं सागवान लिलावात निघालं, ते एका सुतारानं घेतलं आणि त्यातून माझी दारं, बाजू आणि फळ्या केल्या. पाठीला लाकूड पुरलं नाही. तिथं त्यानं आंब्याच्या खोक्यांच्या पट्ट्या ठोकल्या आणि वरून एकसारखं पॉलिश मारलं. पाठ भिंतीकडं राहणार, ती कोण बघतंय? म्हणजे मी समोरून सागवानी आणि मागून खोकं. अशी माणसंही मी पुढं पुष्कळ पाहिली, पण त्यांना कधी वाळवी लागलेली पाहिली नाही.

मला वाचनालयाला भेट दिलं ते झुंबरबाईंच्या मुलानं. त्याची आई वारली आणि त्याच वर्षी तो निवडणुकीला उभा होता, त्यामुळे दुःख फारच मोठं होतं. पेंटरनं माझ्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'कै. झुंबरबाई यांच्या स्मरणार्थ'. आमच्या भागात माणूस गेला की त्याच्या नावानं वस्तू येते. देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन मयतांची नावं आहेत. पंखा सुरू झाला की तिघं एकमेकांत मिसळून जातात. माझ्या कपाळावर मात्र नाव कायम. झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं, असं नंतर कळलं. पण तोवर रंग वाळला होता.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. काचा रोज पुसल्या जायच्या. माझ्यापुढं रांग लागायची. कादंबरीसाठी दोन बायका भांडल्या आणि ती कादंबरी मधोमध फाटून दोघींच्या घरी अर्धी-अर्धी गेली, हेही मी पाहिलं आहे. मग हळूहळू माणसं येईनाशी झाली. राहिले आमचे ग्रंथपाल पोपटराव. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. सकाळ-संध्याकाळ ते डेअरीवर दूध मापायचे आणि मधल्या वेळात वाचनालय उघडायचे. त्यामुळे आमच्या सगळ्या पुस्तकांना दुधाचा वास होता.

आता बदनामीची गोष्ट. वर्षातून एकदा वरून तपासणी यायची. किती सभासद, किती पुस्तकं नेली, हे रजिस्टरमध्ये दिसलं नाही तर वाचनालय बंद. जिवंत माणसं काही येत नव्हती. म्हणून पोपटरावांनी मेलेल्यांची नावं काढलीच नाहीत. दर आठवड्याला बसून ते त्यांच्या नावावर पुस्तकं टाकायचे आणि दुसऱ्या आठवड्यात परत घ्यायचे. चाळीस सभासदांपैकी तेवीस जण स्मशानात जाऊन आलेले होते. म्हणजे गेलेले होते, आलेले नव्हते. गावात मेल्यावर माणसं नियमित वाचायला लागायची. जिवंतपणी कुणाला वेळ नसायचा.

खरीखुरी वाचणारी एकच होती, सुवर्णा. संपतची बायको. संपत रांजणगावला कंपनीत पाळी करायचा. सुवर्णा दर सोमवारी डेअरीत दूध घालून किटली हातात घेऊनच यायची. पुस्तक आधी उभ्यानं वाचायची, पहिलं पान पूर्ण, आणि मगच न्यायची. पदरानं माझी काच पुसायची. दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. शिरूरच्या दवाखान्यात चार दिवस होती. पाचव्या दिवशी गावात आणली.

पोपटराव मातीला जाऊन आले, आंघोळ केली, दोन दिवस वाचनालय बंद ठेवलं. आणि सोमवारी सवयीनं तिच्या नावावर एक पुस्तक टाकलं.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेविसाची चोवीस झाली, इतकंच.

जानेवारीतल्या एका सोमवारी शाळा सुटल्यावर धनश्री आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं.

"मामा, आईचं पुस्तक ऱ्हायलं हुतं घरी."

पोपटराव तंबाखू मळत होते. रजिस्टर उघडंच होतं. पोरगी वाचणारी, तिला उघडं पान दिसलं की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. तिचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"मामा."

"काय गं?"

"आईनं गेल्या सोमवारी पुस्तक न्हेलंय."

पोपटरावांचा अंगठा तळहातावर थांबला. चुकून लिहिलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्यांनी वर पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीती असती तर ते म्हणालेही असते. पण तिथं भीती नव्हती. तिथं एवढा आनंद होता की मला माझ्या बिजागऱ्यांत कसंतरी झालं.

"व्हय," पोपटराव म्हणाले. "न्हेलं की."

"कवा आल्ती?"

"दुपारची. म्या जेवायला जातो ना, तवा."

"कुलूप आसतंय की."

"तिला काय कुलपाचं?"

मित्रांनो, मामा जेवायला गेले की त्या दोन तासांतही मी तिथंच असतो. कुणी येत नव्हतं. पण मला विचारलं कुणी?

तेव्हापासून दर सोमवारी धनश्री यायची आणि आईनं 'परत केलेलं' पुस्तक घेऊन जायची. पोपटरावांना आता दर आठवड्याला सुवर्णेसाठी पुस्तक निवडणं आलं. त्यांना वाचनाचा गंध नव्हता. ते माझ्या वरच्या फळीपासून डावीकडून एकेक उपसत गेले. पहिलं निघालं कुक्कुटपालन. मग विहिरीचं पाणी कसं शोधावं. मग एक खुनाची गोष्ट. मग मूळव्याधीवर घरगुती उपाय. नऊ वर्षांच्या पोरीनं हे सगळं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. एकच प्रश्न मनात धरून वाचलं: आईनं हेच का नेलं असेल? मोठमोठे वाचक मी पाहिले आहेत, पण इतक्या बारकाईनं कुक्कुटपालन वाचणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

मूळव्याधीच्या आठवड्यात एक प्रकार घडला. दुसऱ्याच दिवशी धनश्रीची आजी, अनसाबाई, तरातरा वाचनालयात आली. पोपटरावांकडं तिनं बघितलंच नाही. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली, पदर खोचला आणि काचेकडं बोट केलं.

"सुवर्णे! जित्ती हुतीस तवा पुस्तकापायी दूध उतू घालवायचीस. म्या बोलले आसंल चार शब्द. आता गेलीस न्हवं? मग गप पड की. माजी दुखनी पोरीला कशापायी सांगतीस?"

"अनसाबाई, काय झालं?" पोपटराव उभे राहिले.

"पोरगी मला इचारती, आज्जे, तुला मूळव्याध हाय का? मामा, ह्या कानाचं त्या कानाला म्या सांगितलं न्हाई. माज्या ल्येकाला ठावं न्हाई. म्हनलं, तुला कुनी सांगितलं? तर म्हंती, आईनं."

पोपटराव खाली बसले. पुस्तक त्यांनी निवडलं नव्हतं. ते रांगेत होतं, एवढंच.

अनसाबाईचा आवाज मग खाली आला. माझ्या दाराला हात लावून ती म्हणाली, "आन् पोरीला सोड गं. जूनपास्नं तिला रतनमावशीकडं दौंडला धाडायचं ठरलंय. तुजीच इच्छा हुती, मोठ्या शाळंत घालायचं. आता ती न्हाई म्हंती. आई हितं येती, मी कुटं जाऊ, आसं म्हंती. जेवत न्हाई धड. तू सांग तिला. माजं ती ऐकत न्हाई."

तेवढ्यात माझ्या आत आवाज झाला. खस्स. खस्स, खस्स. कुणीतरी पान उलटावं तसा.

अनसाबाईनं हात मागं घेतला. पोपटरावांनीही ऐकलं. दोघं एकमेकांकडं न बघता बाहेर पडले आणि त्या दिवशी वाचनालय अकरालाच बंद झालं.

मित्रांनो, आवाज कशाचा होता ते मी सांगू शकत होतो. भिंतीला ओल होती, मी भिंतीला चिकटून उभा होतो आणि माझी पाठ आंब्याच्या खोक्याची होती. हिवाळ्यापासून मला पाठीत खाज सुटली होती. वाळवी मातीच्या बोळातून, अंधारातून येते आणि बाहेरचं काही बिघडवत नाही. पुस्तकाचा पुठ्ठा तसाच, कणा तसाच, वरचं नाव तसंच. फक्त आत काही नसतं. तपासणीला लागतं तेवढं सगळं ती शिल्लक ठेवते. माझ्या मधल्या फळीवर ती पोचली होती. जिथं अक्षरं होती तिथं आता माती होती, आणि मी दार लावून गप्प उभा होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी वरच्या फळीवरची मोजकी पुस्तकं संपली आणि पोपटरावांचं बोटही मधल्या फळीवर पोचलं. त्यांनी पुस्तक उघडून बघायचं काही कारण नव्हतं. धनश्रीनं तिथंच उभ्यानं उघडलं. अठ्ठावीस पानं ठीक होती. पुढं एक भोक. पानांच्या आतून कोरलेल्या वाटा आणि त्यात ओली, तांबूस माती. ती तिच्या तळहातावर सांडली.

तिनं हात झटकला नाही. मूठ मिटली आणि खिशात घातली.

"मामा, आई पुस्तक आर्धंच का ठिवती आता?"

पोपटरावांनी पुस्तकात डोकावलं आणि ते झटकन मिटलं. माणूस साधा होता. खोटं बोलायची त्यांना सवय होती, पण ते खरं व्हायला लागलं तर काय करायचं याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुठीला लिंबू आणि बिब्बा टांगला गेला. त्यानंतर पोपटराव माझ्याकडं पाठ करून बसत नसत. दर सोमवारी पुस्तक काढायच्या आधी ते दारावर टकटक करायचे आणि हळूच म्हणायचे, "सुवर्णाबाई, घेतो हां." मी त्यांच्या डोळ्यांदेखत पोकळ होत होतो आणि ते मला उदबत्ती ओवाळत होते.

आणि धनश्री? तिनं त्या अर्ध्या पुस्तकाचा अर्थ लावला. आईला वेळ कमी असतो. म्हणून आई अर्धं वाचून ठेवते आणि पुढचं मी सांगावं म्हणून थांबते. झालं. शाळेची मधली सुट्टी दीडला व्हायची. गावात तेव्हा कुणी बोलत नाही, कुत्री ट्रॉलीखाली जाऊन पडतात, ऊस हलत नाही. वाचनालयाला कुलूप असायचं. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. समोर माझी काच. जुन्या काचेला आतून लाट असते. त्यामुळे काचेत दिसणारी दोन वेण्यांची आकृती मधेच लांब व्हायची, मोठी बाई व्हायची आणि धनश्रीनं मान हलवली की क्षणभर उशिरानं हलायची.

"आई," ती म्हणायची, "ह्या बी पुस्तकात कोंबड्याच हायती. आसं लिवलंय, की अंडी उबवाया बसवली की कोंबडीला अंधारात ठिवावं, म्हंजी ती. तितंच भोक पडलंय. तर म्हंजी ती आतल्या पिलांसंगं बोलती. उजेडात बोलली आसती तर पिलांना वाटलं आसतं, समदं हितंच हाय, आता भाईर कशाला जायचं..."

आणि मित्रांनो, ती बोलायला लागली की माझ्या आतला आवाज थांबायचा. लगेच. खस्सखस्स बंद. तिनं गोष्ट संपवली, पाठ फिरवली, की पुन्हा सुरू. मी स्वतः आत होतो. हजारो किडे तोंड थांबवून उभे राहिलेले मला जाणवत होते. त्यांना भिंतीतून आवाजाची थरथर लागत असेल. एवढंच असेल. मी तसंच समजून चाललो.

मे महिन्यात तपासणी आली. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांच्याजवळ लांबलचक फॉर्म होता आणि त्यातला प्रत्येक रकाना भरायची त्यांना मनापासून आवड होती. शाळेला सुट्टी असल्यानं धनश्री सकाळपासून माझ्या पायाशी बसून वाचत होती. पोपटरावांनी तिला दोनदा घालवलं, ती दोनदा परत आली.

बाईंनी रजिस्टर चाळलं. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळला.

"सुवर्णा संपत. एक सोमवार चुकलेला नाही! कुक्कुटपालन, कायदा, आरोग्य, रहस्यकथा. इतक्या विषयांचा वाचक मी अख्ख्या दौऱ्यात पाहिला नाही. पोपटराव, मी यांचं नाव उत्कृष्ट वाचक म्हणून वर सुचवते. बोलवा त्यांना. फोटो काढू."

"त्या... आजारी हायती, मॅडम."

"न्हाई," खालून धनश्री म्हणाली. "आजारी न्हाई. मेलीय ती. दिवाळीत."

बाईंचं पेन रकान्यावर थांबलं.

"पर ती येती," धनश्रीनं समजावून सांगितलं. "सोमवारी दुपारी, मामा जेवायला गेल्यावर. आधी ती वाचती, मंग मी. आता आर्धंच ठिवती. पुढचं मी सांगते तिला."

"कुणाला?"

धनश्रीनं माझ्याकडं बोट केलं. माझ्या मुठीला लिंबू होतं, बिब्बा होता, कपाळावर एका मयत बाईचं नाव होतं आणि आतून आवाज येत होता. खस्स, खस्स.

बाईंनी हात पुढं केला. "शेवटचं पुस्तक बघू."

धनश्रीनं दिलं. बाईंनी ते मधोमध उघडलं. माती भरभर सांडली, फॉर्मवर, सगळ्या रकान्यांवर. दोन पांढरे किडे शाईवरून चालत गेले. बाई घाबरल्या नाहीत. हा प्रकार त्यांनी बऱ्याच गावांत पाहिला असणार. उरलेल्या पानाची शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "'ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि तिला रडू आलं नाही, कारण'. इथं संपलं. पुढचं तू सांगतेस? सांग बरं."

धनश्री उभी राहिली. बाईंकडं नाही, माझ्याकडं तोंड करून.

"कारण तिला ठावं हुतं, म्होरं दौंड लागनार. दौंडला इंजान सुटतं आन् दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं. मावशीकडं जाताना आईनंच दावलं हुतं मला. मंग जी मानसं म्होरं तोंड करून बसल्याली आसत्यात, त्यांचं तोंड मागं हुतं. तिला वाटलं, गाडी निघाली माघारी. लई खूश झाली ती. पर गाडी काय माघारी आली न्हाई. ती नगरकडं गेली. तरी तिला खिडकीतनं मागचंच दिसत ऱ्हायलं. डेरी, आमचं घर, मी. उलटं बसल्यालं मानूस लांब लांब जातं, पर बघतं हिकडंच."

वाचनालयात कसलाही आवाज नव्हता. बाईंनी हळूच माझ्याकडं पाहिलं. खस्सखस्स थांबलं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं.

मग त्यांनी फॉर्मवरची माती झटकली. "पोपटराव, हे तुम्ही तिला सांगणार, की मी सांगू?"

पोपटराव धनश्रीपुढं उकिडवे बसले.

"पोरी, म्याच लिवत हुतो. तपासनीसाठी. तुजी आई... ती न्हाई गं येत. त्या दिशी तू इचारलंस आन् तुज्या तोंडाकडं बघून माज्या जिभंला न्हाई म्हनवंना. एकदा व्हय म्हनलो, मंग दर सोमवारी म्हनावं लागलं."

"पुस्तकं कुनी निवडली?"

"कुनीच न्हाई. वळीनं काढत गेलो."

"मूळव्याधीचं?"

"ती बी वळीतच हुतं."

"आन् पानं?"

"वाळवीनं खाल्ली," बाई म्हणाल्या.

धनश्रीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते यायला अजून अवकाश होता. तिनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तिघांत मी एक.

"मंग मी सांगते तवा आवाज कोन बंद करतं?"

या प्रश्नाला बाईंच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मला तोंड नाही.

त्याच दुपारी मला भिंतीपासून ओढलं. पाठीवर मातीच्या नसा पसरल्या होत्या, माणसाच्या हातावर असतात तशा. पट्ट्या हात लावताच गळून पडल्या. मधल्या आणि खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं अंगणात नेऊन पेटवली. दुसरा इलाज नव्हता. जळताना त्यांतून धूर थोडा आणि मातीच जास्त निघाली. वरच्या फळीवरची टेबलावर काढून ठेवली आणि मला औषध मारलं. रजिस्टरमधली चोवीस नावं बाईंनी लाल पेनानं कापली. सुवर्णेच्या नावाशी आल्यावर त्यांनी पेन धनश्रीला दिलं. धनश्रीनं पट्टी मागितली आणि सरळ रेघ मारली. त्याखाली बाईंनी तिचं स्वतःचं नाव लिहिलं, बालसभासद म्हणून. अहवालात त्यांनी नोंद केली: सभासद सतरा, सर्व जिवंत. वाचनालय बंद झालं नाही. का, ते मला कळलं नाही. बाई जाताना फक्त म्हणाल्या की एवढं वाचलेलं मूल असलेलं वाचनालय बंद करायला कारण सापडत नाही.

त्या आठवड्यात धनश्री जेवली, रडली, आजीला मारलं आणि आजीच्याच कुशीत झोपली, असं अनसाबाईनं पोपटरावांना सांगितलं. आणि दौंडला जायला ती हो म्हणाली. हितं थांबून कुणाची वाट बघायची, एवढंच म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती माझ्याकडं आली. पोपटराव जेवायला गेले होते, पण आता जाताना ते दार उघडं ठेवून जात. मी रिकामा होतो. दारं उघडी, पाठ नाही. माझ्यातून आरपार भिंत दिसत होती आणि भिंतीवर माझ्या आकाराचा ओला डाग.

ती समोर मांडी घालून बसली. आवाज येतो का, ते ऐकत होती. आवाज नव्हता. ऐकणारं कुणी असेल तर ते थांबलेलं कळायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. आता काहीच चालू नव्हतं. आपलं कुणी ऐकतंय की नाही, हे समजायचा तिच्याकडं कुठलाच मार्ग उरला नव्हता.

मला वाटलं, उठून जाईल.

तिनं वेण्या मागं टाकल्या आणि म्हणाली, "तर ती गाडी नगरच्या म्होरं गेली..."

पाऊण तास सांगत होती. मधे एकदा चुकली, मागं जाऊन दुरुस्त करून पुन्हा सांगितलं. समोर रिकामी फळी असताना दुरुस्त करून सांगितलं, मित्रांनो. लेखक म्हणतात तो प्राणी मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.

माझं मागणं फार नाही. कपाटाला भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. वर्षातून दोनदा त्याची पाठ बघा, विशेषतः ते समोरून चांगलं दिसत असेल तर. पुस्तक नुसतं मोजू नका, उघडा. आणि घरातलं एखादं लहान माणूस कपाटापुढं बसून एकटंच बोलताना दिसलं तर हसू नका, आणि खोटी हुशारी दाखवून कुणाच्या नावानं उत्तरही देऊ नका. पाय न वाजवता निघून जा. कुणीतरी ऐकत असतं.

त्या दुपारी मी ऐकत होतो, एवढं मी शपथेवर सांगतो. आणखी कुणी होतं का, ते मात्र विचारू नका. माझी पाठ उघडी होती, आणि मागं कोण उभं आहे हे कपाटाला कधीच बघता येत नाही.